परदेशप्रवास आणि उतरलेला रुपया : सभासदांसाठी हिशेबाचा एक पाठ



परदेश म्हणजे पुढाऱ्यांनी आणि साहेबलोकांनी जायची जागा, असा एक काळ होता. आता तसे राहिलेले नाही. आपल्या भागात कुणाची लेक अमेरिकेत नांदते, कुणाचा मुलगा जर्मनीत शिकतो, आणि "आई-अण्णा, हातपाय धड आहेत तोवर एकदा येऊन जा" असा फोन दर आठवड्याला येतो. दुसरीकडे तरुण शेतकऱ्यांचा गट म्हणतो, बाहेरच्या देशातला ऊस एकदा डोळ्यांनी बघून येऊ. दोन्ही इच्छा रास्त आहेत. पण बोलणे पैशावर आले की घरात एकच वाक्य ऐकू येते : "रुपया पडलाय, आता कुठं जायचं?"

रुपया पडला हे खरे. डिसेंबर २०२५ मध्ये एका डॉलरला ९० रुपयांच्याही वर दर गेला. पण पडला म्हणजे नेमके काय झाले, कोणापुढे पडला, आणि आपल्या खिशातून त्यामुळे किती जादा जाणार, हे कागदावर मांडल्याशिवाय जायचे की नाही हे ठरवू नये. उसाचा खर्च-उत्पन्नाचा ताळेबंद आपण मांडतो, तसाच हा मांडायचा आहे.

१. रुपया पडतो म्हणजे काय होते

परकीय चलन हाही एक माल आहे. बाजारात आवक कमी आणि मागणी जास्त झाली की गुळाचा भाव चढतो, तसाच डॉलरचाही चढतो. आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी पाचातले चार हिस्से तरी आपण बाहेरून आणतो. सोने आणतो, यंत्रे आणतो, खते आणतो. त्याचे पैसे बहुतेक डॉलरमध्ये द्यावे लागतात. आपण बाहेर जे विकतो त्यातून तितके डॉलर आले नाहीत, किंवा परदेशी गुंतवणूकदारांनी आपला पैसा काढून नेला, की डॉलर महाग होतो. यालाच आपण रुपया पडला म्हणतो.

पूर्वी हा दर सरकार ठरवीत असे. ६ जून १९६६ रोजी सरकारने एका डॉलरचा दर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैसे केला. त्याला अवमूल्यन म्हणतात. पुढे १ आणि ३ जुलै १९९१ रोजी, दोन टप्प्यांत, पुन्हा अवमूल्यन झाले; डॉलर २१ च्या आसपास होता तो २६ च्या घरात गेला. मार्च १९९३ पासून दर मुख्यतः बाजारावर सोपवला आहे, आणि फार हेलकावे बसू लागले तर रिझर्व्ह बँक मध्ये पडते. म्हणून आज होते ती 'घसरण', हुकमाने केलेले अवमूल्यन नव्हे. प्रवाशाच्या दृष्टीने फरक असा, की हुकूम एका रात्रीत येतो. बाजाराची घसरण रोज थोडी थोडी होते आणि मधूनमधून उलटतेही. म्हणजे प्रवाशाला तयारीला वाव मिळतो.

टक्केवारीचा घोळही इथेच समजून घेऊ. १९६६ साली रुपयाची किंमत ३६.५ टक्क्यांनी उतरली, असे पुस्तकांत लिहिलेले असते. पण डॉलर विकत घेणाऱ्याला मोजावे लागणारे रुपये ५७ टक्क्यांहून अधिक वाढले, कारण ४.७६ चे ७.५० झाले. दोन्ही आकडे बरोबर आहेत. एक रुपयाच्या बाजूने पाहिलेला, दुसरा डॉलरच्या. प्रवाशाने नेहमी दुसरा पाहावा. 'रुपया किती टक्के पडला' याऐवजी 'मला किती रुपये जादा लागणार' असे विचारावे.

२. कोणापुढे पडला, हेही पाहावे

रुपया पडला म्हटले की आपण तो साऱ्या जगापुढे पडला असे धरतो. तसे नसते. जपानचे उदाहरण घ्या. २०१२ च्या सुरुवातीला एका येनला आपले ६५ ते ७० पैसे पडत. २०२४ साली ५५ पैशांच्या आसपास पडत होते. याच बारा वर्षांत डॉलर ५० च्या घरातून ८३-८४ वर गेला. म्हणजे तोच रुपया अमेरिकेपुढे उतरला आणि जपानपुढे चढला, कारण येन त्याहून जोरात घसरला होता. श्रीलंकेत २०२२ साली आर्थिक संकट आले तेव्हा त्यांचा रुपया डॉलरला २०० होता तो काही महिन्यांत ३६० च्या पुढे गेला.

पण एक पाटी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी : चलन स्वस्त म्हणजे देश स्वस्त, असे नाही. जिथे चलन कोसळते तिथे महागाई मागोमाग येते, आणि प्रवाशांच्या हॉटेलांचे दर बऱ्याचदा डॉलर किंवा युरोतच लावलेले असतात. उलट आकडा मोठा दिसला म्हणून हुरळूनही जाऊ नये. व्हिएतनाममध्ये एका रुपयाला तीनशेच्या आसपास डाँग मिळतात. ऐकून वाटते, आपण तिथले सावकार! पण रस्त्याकडेच्या दुकानात शेवयांच्या सूपची एक वाटी चाळीस-पन्नास हजार डाँगला असते. भागाकार केला की दीडशे रुपयांच्या आसपास येते. तेव्हा एका चलनाला किती नोटा मिळतात हे सोडून द्या. तिथे एक वेळचे जेवण, एका रात्रीची खोली आणि गावातल्या बसचे तिकीट आपल्या रुपयांत कितीला पडते, ते विचारा. यालाच क्रयशक्ती म्हणतात.

ज्यांना ऊस बघायलाच बाहेर जायचे आहे, त्यांच्यासाठी मॉरिशसचे उदाहरण फार बोलके आहे. त्या बेटाचा साखरधंदा आपल्याच माणसांच्या घामावर उभा राहिला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाचे गलबत हिंदुस्थानी करारबद्ध मजूर घेऊन पोर्ट लुईस बंदरात लागले. पुढच्या काळात मुंबई बंदरातून कोकण-देशावरची माणसेही गेली. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. आपल्या लोकांनी उसाच्या रानातून वेचून काढलेल्या दगडांच्या राशी अजून शेतांत उभ्या दिसतात. रेडुई येथे १९५३ पासून ऊस संशोधन संस्था आहे. बो प्लान येथला जुना कारखाना १९९९ साली बंद पडला आणि तिथे साखरेचे संग्रहालय झाले. मुख्य म्हणजे तिथले गाळप साधारण जून ते डिसेंबर चालते. आपले बॉयलर थंड असतात तेव्हा तिथली धुराडी चालू असतात. आपल्या हंगामाला धक्का न लावता चालू कारखाना पाहता येतो.

आता चलन पाहू. २०१९ साली एका डॉलरला साधारण ३५-३६ मॉरिशस रुपये मिळत. २०२४ साली ४६ च्या आसपास मिळू लागले. आपला रुपया त्याच काळात ७० वरून ८३-८४ वर गेला. भागाकार करा. २०१९ साली एका मॉरिशस रुपयाला आपले जवळजवळ २ रुपये पडत. २०२४ साली १ रुपया ८० पैसे. डॉलरपुढे आपला रुपया घसरला तरी मॉरिशसमधला स्थानिक खर्च चलनापुरता महागला नाही. शिवाय भारतीय पर्यटकाला तिथे आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. परतीचे तिकीट, राहण्याची सोय आणि पुरेसा पैसा दाखवला की विमानतळावर तो विनाशुल्क मिळतो. समुद्रकाठची बडी हॉटेले मात्र युरोत भाव सांगतात. तिथे उतरलात तर वरचा सगळा फायदा गेला. गावातल्या साध्या निवासात राहावे, बसने हिंडावे, तर तो हाती लागतो.

नेपाळ आणि भूतान हे तर वेगळेच आहेत. नेपाळी रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाशी १.६० ला बांधलेला आहे आणि भूतानचा न्गुल्ट्रम आपल्या रुपयाबरोबरीचा आहे. डॉलर कितीही चढो, हे दर हलत नाहीत. ज्यांना पहिल्यांदाच देशाबाहेर पाऊल टाकायचे आहे त्यांनी इथून सुरुवात करायला हरकत नाही.

३. खर्चाच्या तीन मोळ्या बांधा

सगळा खर्च एकाच ढिगात टाकला की मन घाबरते. म्हणून त्याच्या तीन मोळ्या बांधाव्यात.

पहिली मोळी : इथेच, रुपयांत, आगाऊ दिलेला खर्च. विमानाचे तिकीट, प्रवासविमा, पासपोर्ट. एकदा पैसे दिले की उद्या रुपया पडला तरी यात एक पैसाही वाढत नाही. मात्र विमानाच्या इंधनाचा भाव डॉलरशी बांधलेला असतो, म्हणून न काढलेले तिकीट हळूहळू महाग होऊ शकते.

दुसरी मोळी : परकीय चलनात ठरलेली, पण अजून न दिलेली रक्कम. व्हिसाची फी यात येते. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाची फी जून २०२३ मध्ये १८५ डॉलर झाली. युरोपातल्या शेंगेन देशांची जून २०२४ मध्ये ९० युरो झाली. हॉटेलचे आरक्षण, आणि सहल कंपनीच्या बिलातला परकीय चलनाचा भागही यातच. पुष्कळ कंपन्या दर 'इतके रुपये अधिक इतके डॉलर' असा छापतात. जाहिरातीत रुपये ठळक आणि डॉलर बारीक असतात. ज्या दिवशी पैसे भराल त्या दिवसाच्या दराने डॉलरचा भाग आकारला जातो, असे करारात लिहिलेले असते. सही करण्याआधी ती ओळ शोधून वाचावी, म्हणजे नंतर "आधी सांगितलं नाही" म्हणायची वेळ येत नाही.

तिसरी मोळी : तिथे गेल्यावरचा रोजचा खर्च. जेवण, बस, औषध, खरेदी. रुपयाचा खरा फटका इथे बसतो, आणि आटोक्यात ठेवता येण्यासारखाही हाच खर्च असतो.

मुलीकडे किंवा मुलाकडे राहायला जाणाऱ्यांची तिसरी मोळी फार हलकी असते. "लेकीच्या घरचं किती खायचं?" हा संकोच आपल्याकडे अजून आहे, आणि त्यापायी काही आई-वडील रुपये मोडून डॉलर घेतात आणि तिथे किराणा भरतात. मुलगी मिळवते डॉलरमध्ये आणि खर्चते डॉलरमध्ये. रुपया पडल्याने तिच्या घरचे तांदूळ महाग झालेले नाहीत. आपण मात्र प्रत्येक डॉलर ९० रुपयांना विकत घेतलेला असतो. मान राखायचा तर साडी-चोळी, नातवंडांचे दागिने, घरचा मसाला इथून न्यावा. ते रुपयांत येते.

४. जाहीर दर आणि हातात पडणारा दर

एफआरपी जाहीर होते तो आकडा वेगळा, आणि तोडणी-वाहतूक वजा जाऊन खात्यावर जमा होते ती रक्कम वेगळी, हे सभासदाला शिकवायला नको. चलनाचेही तसेच आहे. वर्तमानपत्रात येतो तो बँका-बँकांमधल्या मोठ्या व्यवहारांचा दर. आपल्याला डॉलर त्याहून वरच्या दराने मिळतो, आणि उरलेला डॉलर परत विकताना त्याहून खालचा दर मिळतो. मधली तफावत ही विक्रेत्याची कमाई. विमानतळावरच्या गाळ्यात ती बहुधा सर्वांत जास्त असते.

गळती कुठे कुठे होते ते पाहा. आपले नेहमीचे बँकेचे कार्ड परदेशात वापरले, तर पुष्कळ बँका रकमेवर ३.५ टक्क्यांपर्यंत जादा आकार लावतात आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. दोन्ही मिळून ४.१३ टक्के होतात. एटीएममधून पैसे काढले तर दर वेळचा आकार निराळा. आणखी एक खुबी आहे : तिथला दुकानदार यंत्र पुढे करून विचारतो, "रुपयांत देता की डॉलरमध्ये?" आपल्याला रुपये ओळखीचे वाटतात आणि आपण ते बटण दाबतो. मग दर दुकानदाराच्या बाजूची कंपनी ठरवते आणि तो महाग असतो. अशा वेळी नेहमी त्या देशाचेच चलन निवडावे.

५. टनाच्या भाषेत हिशेब

आता उदाहरण सोडवू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. आपापले घालून पाहावेत. एक जोडपे परदेशी जाणार, तिथला खर्च ३,००० डॉलर. तोडणी-वाहतूक जाऊन उसाचे टनाला ३,००० रुपये हातात पडतात असे धरू.

दर ८५ असताना : ३,००० × ८५ = २,५५,००० रुपये, म्हणजे ८५ टन ऊस.

दर ९० झाल्यावर : ३,००० × ९० = २,७०,००० रुपये, म्हणजे ९० टन ऊस.

रुपया पडल्यामुळे वाढलेला खर्च १५,००० रुपये, म्हणजे ५ टन.

आता हीच सगळी रक्कम नेहमीच्या कार्डावर खर्च केली तर ४.१३ टक्क्यांप्रमाणे गळती किती? २,७०,००० वर ११,१५१ रुपये, म्हणजे पावणेचार टनांच्या आसपास. चार ठिकाणी दर विचारून, एक टक्का तफावतीत चलन मिळवले तर गळती २,७०० रुपये.

यातून शिकण्यासारखे काय? रुपयाच्या घसरणीने ५ टन नेले, त्याला आपण काही करू शकत नव्हतो. पण कार्डाच्या बेफिकिरीने जवळजवळ पावणेतीन टन जास्तीचा जाणार होता, तो वाचवणे संपूर्ण आपल्या हातात होते. रुपयाच्या नावाने ओरडताना आपण या दुसऱ्या गळतीकडे पाहत नाही. बांध फुटून जाते तेवढेच पाणी पाटाच्या भेगांतूनही जाते.

६. चलन कधी आणि कसे घ्यावे

पुढच्या महिन्यात डॉलर किती होईल हे कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. जो सांगतो त्याच्यापासून चार हात दूर राहावे. म्हणून सगळे चलन एकाच दिवशी घेऊ नये. जायचे नक्की झाले की तीन हप्ते करावेत. समजा १,००० डॉलर ८६ ने, १,००० डॉलर ८८ ने आणि १,००० डॉलर ९० ने घेतले. सरासरी ८८ पडली आणि शेवटच्या दिवशी सगळे घेण्यापेक्षा ६,००० रुपये वाचले. दर उलट खाली आला असता तर थोडे जादा गेले असते. पण अंगावर येण्याइतका धक्का कोणत्याच बाजूने बसला नसता. हप्त्याने घेण्याचा उपयोग एवढाच, आणि तो पुरेसा आहे.

बँका आणि परवानाधारक चलन-विक्रेते प्रवासी कार्ड देतात. त्यावर डॉलर भरला त्या दिवशीचा दर पक्का होतो. पुढे रुपया घसरला तरी त्या रकमेला झळ नाही. गरजेच्या तीन-चतुर्थांश रक्कम कार्डावर आणि थोडी नोटांत ठेवावी. गरजेपेक्षा जास्त भरू नये, कारण उरलेले परत मोडताना पुन्हा तफावत सोसावी लागते.

आणि अंदाजपत्रक मांडताना दर दहा टक्के चढा धरावा. ९० चालू असेल तर ९९ धरून पाहावे : ३,००० डॉलरला २,९७,०००. हा आकडा पाहून घर डगमगत असेल, तर मुक्काम चार दिवसांनी कमी करावा किंवा बेत एक वर्ष पुढे ढकलावा. ढकललेल्या वर्षात तिकिटापुरते पैसे मुदत ठेवीत टाकावेत.

प्रवासविम्यात मात्र काटकसर करू नये. परदेशातला दवाखाना भल्याभल्यांना झोपवतो. विम्याची रक्कम डॉलरमध्ये ठरलेली असते आणि हप्ता आपण रुपयांत भरतो. म्हणजे रुपया पडला तरी संरक्षण घटत नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असेल तर अर्जात स्वच्छ लिहावे. लपवलेला आजार निघाला की कंपनी दावा नाकारू शकते, आणि त्या वेळी रुपयाचा दर काय हा प्रश्न फार लहान वाटतो.

७. कायदा आणि कर : सभासदाने विशेष लक्ष द्यावे

१९७३ च्या परकीय चलन कायद्याच्या अमलात प्रवाशाला परकीय चलन अगदी मोजून मिळे. १ जून २००० पासून नवा कायदा अमलात आला आणि २००४ साली रिझर्व्ह बँकेने सामान्य नागरिकालाही ठरावीक रक्कम बाहेर नेण्याची मुभा दिली. २०१५ पासून ही मर्यादा माणशी दर आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर आहे. आपल्यापैकी बहुतेकांना ती आड येणार नाही. आड येतात त्या लहान गोष्टी :

एका प्रवासात परकीय नोटा सर्वसाधारणपणे ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात. बाकी कार्डावर न्याव्यात. ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचे चलन रोख पैसे देऊन घेता येत नाही. चेकने किंवा खात्यातून पैसे द्यावे लागतात. परत आल्यावर उरलेले चलन १८० दिवसांत बँकेला विकावे. २,००० डॉलरपर्यंत पुढच्या प्रवासासाठी ठेवता येते. "ओळखीचा माणूस स्वस्तात डॉलर देतो" या वाटेला तर जाऊच नये. तो व्यवहार बेकायदा आहे, आणि नोटा खोट्या निघाल्या तर फिर्याद तरी कुठे करणार?

आता कर. ऑक्टोबर २०२० पासून परदेश सहलीच्या रकमेवर सहल कंपनी आपल्याकडून कर गोळा करून सरकारात भरते. त्याला टीसीएस म्हणतात. याचे दर आणि मर्यादा वारंवार बदलल्या : ऑक्टोबर २०२३ पासून सात लाखांवरच्या रकमेला २० टक्के झाले, एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा दहा लाखांवर नेली. अर्थसंकल्पागणिक बदल होतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशीचा दर लेखी विचारून घ्यावा.

शेतकऱ्याला यातली मेख अशी. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, म्हणून आपले पुष्कळ सभासद विवरणपत्र भरतच नाहीत. पण हा कर सहल घेणाऱ्या सगळ्यांकडून कापला जातो. २०२५-२६ सालात चार लाखांची सहल घेतली तर ५ टक्क्यांप्रमाणे २०,००० रुपये गेले. हा पैसा बुडालेला नाही. तो आपल्या पॅन नंबरावर जमा असतो. ज्याला आयकर लागू नाही त्याने त्या वर्षाचे विवरणपत्र भरले की तो खात्यावर परत येतो. न भरले तर तिथेच राहतो. म्हणून पैसे भरताना पॅन नंबर बिनचूक द्यावा, कंपनीकडून दाखला घ्यावा आणि मुदतीत विवरणपत्र भरावे. हिशेबनीसाची फी जाऊनही पुष्कळ वाचते.

८. पैसा कुठला वापरावा

हा भाग आम्ही जरा स्पष्ट लिहितो. प्रवासाला पीककर्ज वापरू नये. ते मुदतीत फेडले तरच व्याजाची सवलत मिळते. मुदत चुकली की सवलत गेली, आणि पुढच्या लागणीला बेणे-खतासाठी सोसायटीच्या दारात उभे राहायची पंचाईत. दागिने गहाण ठेवूनही जाऊ नये. तसेच, ऊस गेला पण बिल जमा झालेले नाही, अशा पैशावर तिकीट काढू नये. कायद्याने चौदा दिवसांत बिल मिळायला हवे हे खरे. पण उशीर होतो तेव्हा काय होते, हे तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही.

प्रवासाचा पैसा हा जमा झालेल्या बिलातून, घरखर्च, कर्जाचा हप्ता आणि पुढच्या पिकाचे भांडवल बाजूला काढून उरलेला असावा. दोन हंगामांत मिळून तो साठत असेल तर दोन हंगाम थांबावे. आई-वडिलांचे वय झाले असेल तर मात्र हिशेबाच्या वहीला एवढा मान देऊ नये की भेटच राहून जावी. तिथे मुक्काम लहान करावा, खरेदी सोडावी, पण जाऊन यावे.

आणि अभ्यासाला जाणाऱ्यांना एक विनंती. परदेशी जाण्याआधी मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि पाडेगावचे संशोधन केंद्र नीट पाहिले आहे का? तिथे जायला व्हिसा लागत नाही. इथले पाहून प्रश्न लिहून नेले, तर परदेशातले चार दिवस दहा दिवसांचे काम करतात.

९. रुपयाचे दुसरे तोंड

शेवटी, जे कधीच परदेशी जाणार नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. रुपया पडला की त्यांनाही तो भेटतोच. पोटॅश आपल्याकडे जवळजवळ सगळे बाहेरून येते. डॉलर चढला की त्याची किंमत किंवा सरकारवरचा अनुदानाचा बोजा वाढतो. डिझेलचेही तेच.

उलट बाजूने, साखरेचा जागतिक भाव डॉलरमध्ये ठरतो. निर्यात खुली असेल तर त्याच डॉलरचे कारखान्याला जादा रुपये मिळतात. मात्र हा लाभ परवानगीवर अवलंबून आहे : २०२३-२४ च्या हंगामात साखर निर्यातीला परवानगी नव्हती, आणि जानेवारी २०२५ मध्ये फक्त १० लाख टनांना मिळाली. शिवाय ब्राझीलचे चलनही पडते. २०१५ साली ते जोरात घसरले तेव्हा तिथले कारखाने कमी डॉलरमध्येही साखर विकू शकले, आणि जागतिक भाव पौंडाला ११ सेंटांच्याही खाली आला. आपल्या शिवारातल्या उसाचा भाव दूरच्या देशातल्या नोटेशी असा बांधलेला आहे. म्हणून चलनाचा दर वाचता येणे ही केवळ प्रवाशाची गरज नाही.

घरी सोडवण्यासाठी

१. आपल्या उसाला टनाला हातात किती पडतात ते मागच्या बिलावरून काढा. २,००० डॉलरच्या प्रवासाला आजच्या दराने किती टन ऊस लागेल? दर दहा टक्के चढला तर किती?

२. आपल्या बँकेत विचारा : कार्ड परदेशात वापरल्यास आकार किती? प्रवासी कार्डाचा दर काय? वर्तमानपत्रातल्या दराशी दोन्हींची तुलना करा.

३. एखाद्या सहल कंपनीचे पत्रक घेऊन त्यातला रुपयांचा आणि परकीय चलनाचा भाग वेगवेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने अधोरेखित करा.

ही उत्तरे एकट्याने काढू नयेत. घरच्या लक्ष्मीला आणि शिकत्या मुलांना जवळ घेऊन बसावे. ज्या घरात हिशेब चौघांत होतो, त्या घराला डॉलरचा दर चढला तरी काय करायचे ते ठरवता येते.